प्यारीबाई आणि उपाशी देवमासा

आळेफाट्याला धरमशेठचं भांड्यांचं दुकान आहे. पाटीवर ‘धरमचंद अँड सन्स’ असं लिहिलेलं आहे. सन एकच, कल्पेश. तो माझा मित्र. पण बोरी बुद्रुकहून एसटीनं मी यायचो तो त्याच्यासाठी नाही, त्याच्या आईसाठी. प्यारीबाई माझ्याहून तीस वर्षांनी मोठ्या होत्या. मी एम. ए. झालो तेव्हा गावात सगळ्यांनी विचारलं, नोकरी कधी? त्यांनी विचारलं, “काय शिकलास?”

“मराठी साहित्य.”

“त्यानं काय करता येतं?”

“काही नाही, काकी.”

“मग बस. चहा घे.”

तेव्हापासून आमची मैत्री.

लग्न होऊन त्या राजस्थानातून इथं आल्या त्याला या गोष्टीच्या वेळी बत्तीस वर्षं झाली होती. बत्तीस वर्षांत त्यांचं नाव कोणी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. गिऱ्हाईकं त्यांना शेठाणी म्हणायची. जैन समाजात त्या ‘भांडेवाल्यांच्या घरच्या’ होत्या. सासू होती तोवर नुसती हाक होती. ‘प्यारीबाई’ हे नाव रेशन कार्डावर होतं आणि तिथंही त्यातला ‘र’ पुसला होता.

२००६ साली त्यांच्या नारायणगावच्या थोरल्या जाऊबाईंनी मासखमण केलं. मासखमण म्हणजे तीस दिवसांचा उपवास. अन्नाचा कण नाही. उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य असेपर्यंतच. भेटायला येणारे पाया पडतात आणि विचारतात, “शाता आहे ना?” म्हणजे जिवाला बरं आहे ना. शेवटी मुगाचं पाणी चमच्याचमच्यानं पाजून पारणं होतं. पहिला चमचा कोणाचा, यावरून नातेवाइकांत वर्षभर बोलाचाली बंद राहू शकते.

जाऊबाईंची मिरवणूक चार घोड्यांच्या बग्गीतून निघाली. पुढं फलक होता. फलकावर त्यांचं नाव होतं. नवऱ्याचं नाही, त्यांचं. प्यारीबाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहून तो फलक बघत राहिल्या. घरी आल्यावर त्यांनी पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. म्हणाल्या, “पुढच्या वर्षी मी.”

धरमशेठ खूश झाले. उपवास बायकोनं करायचा आणि थाट आपण करायचा, ही वाटणी त्यांना फार पसंत होती. त्यांनी स्वतः आयुष्यात एकदाच उपवास धरला होता. दुपारी तीन वाजता त्यांना आठवलं की आज उपवास नसून उद्या आहे. उद्या ते विसरले.

निमंत्रणपत्रिकेचा मजकूर मी लिहिला. साहित्याचा तेवढा उपयोग झाला. प्रूफ आलं तेव्हा ‘श्रीमान धरमचंदजी’ सोनेरी अक्षरात होतं, बोटाएवढं. खाली, बारीक, ‘यांच्या धर्मपत्नी सौ. प्यारीबाई’.

“शेठ, तुमचं नाव मोठं झालंय,” मी म्हणालो.

“अरे, उपवास कोणाच्या घरात होतोय?”

“पण उपाशी कोण राहणार?”

“म्हणून तर तिचं नाव घातलंय.”

प्यारीबाईंनी प्रूफ बघितलं. चष्मा लावून बघितलं. मग काढून बघितलं.

आता मादागास्करचं सांगतो. त्यांची मुलगी रीना तिकडं दिली आहे. जावयांचा लवंगांचा व्यापार आहे. २००७च्या उन्हाळ्यात रीनाचं बाळंतपण होतं म्हणून प्यारीबाई गेल्या. मागून, नातू बघायला म्हणून, धरमशेठ आणि कल्पेश गेले. चातुर्मास सुरू होण्याआधी तिघं परत आले. येताना लवंगा आणल्या आणि एक कॅसेट आणली.

दुकानामागच्या खोलीत ती टीव्हीवर लावली. आम्ही चौघं होतो. दारात इंद्रायणी उभी होती, हाताला राख. ती त्यांच्याकडं धुणं-भांडी करायची. मूळची डिंभे धरणाच्या वरच्या डोंगरातली. नवरा फाट्यावरच्या गॅरेजात.

टीव्हीवर समुद्र दिसला. बराच वेळ समुद्रच दिसला. मधूनच धरमशेठचा आवाज येई, “तिकडं, तिकडं! कल्पेश, इकडं!” कॅमेरा तिकडून इकडं येई. तोवर तिकडंही काही नसे आणि इकडंही काही नसे.

“देवमासा कुठाय?” मी विचारलं.

“आत्ता गेला,” कल्पेश म्हणाला.

“आन् मंग दाखवताय काय?” दारातून इंद्रायणी म्हणाली. “पाणी तर आमच्या धरणातबी हाय.”

मग तो दिसला. काळी पाठ वर आली. पाठीवर कुबडासारखा उंचवटा होता. फुस्स करून वाफ उडाली. शेजारी एक लहान पाठ वर आली आणि लहान वाफ उडाली. बोटीचं इंजिन बंद होतं. कोणी बोलत नव्हतं, धरमशेठसुद्धा. मला वाटलं होतं मी हसेन. मी हसलो नाही. पिल्लू तीनदा वर येऊन श्वास घेई तेव्हा आई एकदा येई. उरलेला वेळ ती पिल्लाच्या खाली, पाण्यात, नुसती थांबलेली असे.

“ही आई,” प्यारीबाई म्हणाल्या. “बर्फाच्या समुद्रातून येते. हजारो मैल. तिथं खायला असतं, पण पिल्लाला थंडी सोसत नाही. म्हणून ती इकडं ऊन पाण्यात बाळंत होते. इकडं तिला खायला काही नाही. रोज पिंपभर दूध पाजते आणि स्वतः काही खात नाही.”

“किती दिवस?”

“महिने. परत जाईपर्यंत. अंग पार उतरतं म्हणे.”

“आणि तो दुसरा?” टीव्हीवर मागं अजून एक मोठी पाठ होती.

“तो नर,” कल्पेश म्हणाला. “तो तिच्यामागं फिरतो.”

“पिल्लाचा बाप?”

मग धरमशेठ चिडून म्हणाले, “मी पण तेच विचारलं. गाईड म्हणाला, बाप नाही. बाप कोण ते कोणाला माहीत नसतं. मी म्हटलं, मग हा तिच्यासोबत काय करतो? म्हणे, वाट बघतो. पाच-पाच, सहा-सहा जण एका मादीमागं धावतात, एकमेकांना टकरा मारतात, रक्त काढतात. आणि गातात. गाईडनं पाण्यात माईक सोडून ऐकवलं. गाय अडल्यासारखा आवाज.”

“तेबी उपाशी?” इंद्रायणीनं विचारलं.

“उपाशीच. पण गातात.”

“गप्प बसून उपाशी ऱ्हायचं बाप्याला कुटं जमतंय,” इंद्रायणी म्हणाली.

कॅसेट पुढं सरकली. बोटीत प्यारीबाई उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर घेतला, कठड्याला टेकल्या आणि त्या मादीला हात जोडले. पाण्याकडं वाकून त्यांनी विचारलं, “शाता आहे ना, बाई?”

“लाज काढली हिनं,” धरमशेठ म्हणाले. “बोट भरून गोरे लोक होते.”

“त्यांनी काय केलं?”

“त्यांनीपण हात जोडले. त्यांना वाटलं तसा नियम आहे.”

मी प्यारीबाईंकडं बघितलं. त्या टीव्हीकडं बघत होत्या. जाऊबाईंचा फलक बघताना होता तसाच चेहरा होता. हजारो मैल पोहून आलेली ती बाई त्यांना मासखमणवाली वाटली होती. महिन्याचं नाही, चार-चार महिन्यांचं. शाता विचारणं त्यांच्या लेखी बरोबरच होतं.

चातुर्मासासाठी साध्वीजी फाट्यावरच्या जैन स्थानकात, म्हणजे साध्वींच्या मुक्कामाच्या जागी, उतरल्या होत्या. प्यारीबाई दुसऱ्याच दिवशी गेल्या. मला बरोबर नेलं. त्यांनी सगळं सांगितलं आणि विचारलं, “तिच्या तपाची अनुमोदना करता येईल का?” अनुमोदना म्हणजे दुसऱ्याच्या तपाचं मनापासून कौतुक; त्यानं आपल्यालाही पुण्य लागतं.

साध्वीजी तरुण होत्या. त्या हसल्या नाहीत, ही त्यांची कृपा. म्हणाल्या, “तिनं पचखाण घेतलं आहे का? संकल्प केला आहे का?”

“ती कशी घेणार?”

“मग ते तप होत नाही. मिळतंय तरी सोडणं हे तप. तिला मिळत नाही म्हणून ती खात नाही. ती उपासमार. तिची दया करा. अनुमोदना नको.”

बरोबर होतं. तर्कात मला कुठं फट दिसली नाही. प्यारीबाईंनाही दिसली नाही. घरी येऊन त्यांनी ते इंद्रायणीला सांगितलं, कारण ती समोर कढई घासत होती.

इंद्रायणीनं हात थांबवला. “मंग आमचं काय?”

“तुमचं काय?”

“थोरला अंगावर व्हता तवा आषाढात नाचणी सपली. भात यायला दिवाळी. डोंगरातली भाजी उकडून खायची, तीबी दिसाआड. पोराला दूध मातुर येत व्हतं. कुटनं येत व्हतं म्हाईत न्हाई. तेबी तुमच्यात धरत न्हाईत म्हना की.”

“कोणी विचारलं का तुला? बरं आहे का म्हणून?”

“सासू इचारायची ना. भाकर चोरून खातीस का, म्हनायची. दूध येतंय म्हंजी कुटंतरी खातच आसंल.” तिनं कढई पालथी घातली. “पोटात कावळं वरडत्यात आन् वर चोरटी.”

त्या दिवशी चहा झाला नाही.

रात्रीच्या जेवणाला, म्हणजे त्यांच्याकडं साडेपाचला, त्या म्हणाल्या, “बग्गी नको.”

धरमशेठनी घास खाली ठेवला. “म्हणजे?”

“बग्गी नको. बँड नको. त्या बाईनं बँड लावला नाही.”

“कोणत्या बाईनं?”

“समुद्रातल्या.”

“ती मासा आहे!”

“इंद्रायणीनं पण लावला नव्हता.”

“अगं, अकराशे पत्रिका गेल्या! मारवाडपर्यंत गेल्या! तू उपवास करणार की नाही?”

“करणार. पचखाण घेऊन करणार. मिरवायला येणार नाही.”

धरमशेठनी माझ्याकडं बघून डोळा मारला. नंतर दुकानात मला म्हणाले, “करू दे सुरू. तीस दिवसांनी माणसात भांडायची ताकद राहते का?”

उपवास सुरू झाला. पहिल्या आठवड्यात प्यारीबाई घरभर फिरत होत्या. दुसऱ्यात खोलीभर. तिसऱ्यात गादीवर. धरमशेठनी दारापुढं मांडव घातला. संध्याकाळी तपाची गाणी. माईक. बाहेरगावच्या पाहुण्यांना जेवायला रोज चार भाज्या. उपवासाच्या घरात एवढं अन्न मी कधी बघितलं नव्हतं. पंधरा दिवसांत कल्पेशचं वजन तीन किलोनं वाढलं.

शेठ स्वतः गायचे. आवाज खालच्या पट्टीतला, जड. एका संध्याकाळी मी प्यारीबाईंजवळ बसलो होतो. भिंत हलत होती.

“ऐकतोस?” त्या म्हणाल्या. “गाईड सांगत होता, ते का गातात ते अजून कोणाला नक्की कळलं नाही. मादी ऐकते की नाही, तेही कळलं नाही.”

“तुम्ही ऐकता?”

“भिंत आहे ना मध्ये.”

सतराव्या दिवशी नारायणगावच्या जाऊबाई आल्या. शाता विचारली. जीभ बाहेर काढायला लावून बघितली. “पांढरी पडलीय,” त्या समाधानानं म्हणाल्या. “मी तर एकविसाव्या दिवशी स्थानकात चालत गेले होते.” मग मोठ्या मनानं जाहीर केलं की पारण्याचा पहिला चमचा त्या देतील. चांदीचा चमचा त्यांनी आणलाच होता. धरमशेठ हो म्हणाले. प्यारीबाईंना कोणी विचारलं नाही. एवढ्या उपवासानं त्या आधीच थकल्या होत्या, त्यांना कशाला त्रास.

बाविसाव्या दिवशी उठताना त्यांनी भिंत धरली. भिंतीवर हात सरकत खाली आला. मी धरलं. दंड माझ्या मुठीत मावला.

“सोडा ना, काकी,” मी म्हणालो. “बास झालं.”

त्या परत गादीवर बसल्या. “सोडलं तर म्हणतील, धरमचंदच्या बायकोला झेपलं नाही. पुरं केलं तर म्हणतील, धरमचंदच्या घरात मासखमण झालं. दोन्हीकडं तेच. मधे कुठं माझं काही राहतं का, ते बघतेय.”

“आणि नाही राहिलं तर?”

“मग वजन तरी उतरलं.”

तीस दिवस पुरे झाले. एकतिसाव्या सकाळी पारणं, त्याआधी मिरवणूक. नऊ वाजता बग्गी दारात आली. चार घोडे. जाऊबाईंना चार होते, म्हणून शेठनी पाचवा मागवला होता. तो नुसता बाजूनं चालणार होता. फेटे बांधून मारवाडहून आलेले पाहुणे उभे होते. बँडवाल्यानं पिपाणी ओली केली.

प्यारीबाई स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या. भिंतीला टेकून. साधं लुगडं.

“चल,” धरमशेठ म्हणाले.

“नाही.”

“अगं, लोक!”

“तुम्ही जा. लोक तुमचेच आहेत.”

ते ओरडले. मग विनवलं. मग जाऊबाईंनी विनवलं, पण फार नाही. प्यारीबाईंमध्ये भांडायची ताकद खरंच राहिली नव्हती. त्या भांडल्याच नाहीत. नुसत्या उठल्या नाहीत. तीस दिवसांच्या उपाशी बाईला उचलून बग्गीत घालायची कोणाची हिंमत झाली नाही.

मग शेठना सुचलं. पत्रिकेसाठी काढलेला प्यारीबाईंचा फोटो मोठा करून मांडवात लावला होता. तो काढला. बग्गीत मखमली खुर्चीवर ठेवला. बग्गीवाल्याला फोटो दिसला, तशी त्यानं सवयीनं झेंडूचा हार चढवला. दुसऱ्या कोणी उदबत्ती लावली. शेठ शेजारी बसले, फोटोला हात देऊन, पडू नये म्हणून. मिरवणूक निघाली.

आळेफाट्याच्या चौकात सकाळी दहाला काय गर्दी असते ते ज्यानं बघितलं त्यालाच माहीत. नाशिककडं जाणारे ट्रक थांबले. नगरची एसटी थांबली. खिडक्यांतून डोकी आली. हार घातलेला बाईचा फोटो, शेजारी चेहरा पाडून बसलेला नवरा, मागं फेटेवाले. एसटीतल्या बायांनी हात जोडले. कंडक्टरनं टोपी काढली. बँड जोरात वाजत होता, पण त्याचं कोणाला विशेष वाटलं नाही. मोठ्या घरात वाजवत असतील.

पिंपरी पेंढारचे सावळाराम, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, गर्दीतून वाट काढत माझ्याकडं आले. डोळ्यांत पाणी.

“कदी गेल्या?”

“कोण?”

“शेठाणी वो! लई भली बाई व्हती राव. माझी घागर गळकी निघाली तं न बोलता बदलून दिली. काय झालं व्हतं?”

“बाबा, त्या आहेत. घरी आहेत.”

“घरी हायेत?” ते हादरले. “मंग फोटू का फिरवताय?”

त्यांनी चपला काढून हातात घेतल्या होत्या. त्या तशाच हातात ठेवून ते मिरवणुकीबरोबर चालू लागले. म्हणाले, आलोच हाये तं शेवटपतुर येतो.

मी मागं पळालो. स्वयंपाकघरात प्यारीबाई होत्या आणि इंद्रायणी. बाकी घर रिकामं. चुलीजवळ पातेल्यात मुगाचं पाणी तयार होतं.

“काकी, चौकात लोकांना वाटतंय तुम्ही गेलात.”

त्यांनी डोळे उघडले. “रडलं कोणी?”

“एक म्हातारा. पिंपरी पेंढारचा.”

“एकच?”

“हो.”

“बरं,” त्या म्हणाल्या. जरा विचार केला. “बत्तीस वर्षांत एक म्हणजे वाईट नाही.”

मग त्यांनी इंद्रायणीला खूण केली. “वाटी दे. आणि चमचा. तू पाज.”

इंद्रायणी मागं सरकली. “नगं बाई.”

“का?”

“आज पाजीन. उद्या तुमची मान्सं म्हनतील, भांडीवालीनं बाटवलं. तुमचं पुण्य तुमी घ्या. मला ह्या चार भाज्यांची पातेली घासायचीत.”

असं म्हणून ती मोरीकडं गेली आणि खरंच घासायला बसली. मी पुढं झालो. प्यारीबाईंनी नको म्हणून मान हलवली. मग त्यांनी स्वतःच नवकार मंत्र म्हटला, हलक्या आवाजात. स्वतःच वाटी उचलली. वाटी दातांवर वाजली. पहिला घोट गेला. त्यांनी डोळे मिटले. दुसरा गेला. कोणी गाणं म्हटलं नाही. मोरीत पातेलं घासल्याचा आवाज होता. तिसऱ्या घोटाला त्यांच्या गळ्याची शीर हलताना मला दिसली आणि मी दुसरीकडं बघितलं.

बँड जवळ आला आणि दारात थांबला. धरमशेठ आत आले, काखेत फोटो. मागं जाऊबाई, हातात चांदीचा चमचा. मागं फेटे. स्वयंपाकघराच्या दारात सगळे अडकले. वाटी रिकामी होती. प्यारीबाई पदरानं तोंड पुसत होत्या.

“पारणं झालं?” शेठनी विचारलं. आवाज बसला होता. “कोणी पाजलं?”

“मी प्याले.”

“मुहूर्त होता! सगळे थांबलेत! शंभर माणसं एकेक चमचा द्यायला रांगेत उभी आहेत.” त्यांनी फोटो भिंतीला टेकवला. हार घसरून खाली पडला. “मी आता लोकांना काय सांगू?”

प्यारीबाईंनी वाटी पुढं केली, आणखी मुगाच्या पाण्यासाठी.

“सांगा,” त्या म्हणाल्या, “प्यारीबाईला भूक लागली होती.”